हुजूरच्या सतराथरी कमानीची हकीकत

श्री. स्वस्ति. वाचणाऱ्याचे डोळे आणि ऐकणाऱ्याचे कान शाबूत असोत, मधल्यामध्ये नकलणाऱ्याचा हात चुको नये, आणि ज्या राज्याची ही हकीकत त्याचे नाव कोणी पुसो नये, कारण पुसल्यास सांगावे लागेल आणि सांगितल्यास तेथील मानकरी भांडावयास येतील, की आमचे नाव आधी का घातले नाही. शके सोळाशे त्रेपन्न, विरोधकृत् नाम संवत्सर, चैत्र शुद्ध द्वितीया, ते दिवशी हुजुरातून हुकूम जाहला जे, येत्या दसऱ्यास सीमोल्लंघनासाठी महाराजांस नवी कमान पाहिजे, आणि ती सटवोजी कमानगराने करावी. या राज्याची रीत ऐसी की दसऱ्याचे दिवशी महाराजांनी सरहद्दीच्या ओढ्याच्या अलीकडील काठी उभे राहोन एक बाण पलीकडे सोडावा, आणि बाण ओढा ओलांडोन गेला म्हणजे त्या सालचा दिग्विजय जाहला ऐसे समजोन सर्वांनी सोने लुटोन जेवावयास यावे. या रीतीने त्या राज्यात तीन पिढ्या लढाई म्हणोन जाहली नव्हती आणि विजय मात्र दरसाल होत असे, आणि कोणाचे काही बिघडत नसे, कारण पलीकडच्या राज्यास हे ठाऊकच नव्हते. परंतु आदल्या साली गोष्ट फसली. परमुलखातून मोठी नामांकित कमान आणविली होती, आणि महाराज मनाचे थोर असले तरी भुजा नाजूक, विडा स्वहस्ते उचलोन मुखात घालणे इतकीच काय ती रोजची मेहनत, तेव्हा कमान चार बोटे ओढली गेली, खांद्यात कट् ऐसा आवाज जाहला, आणि बाण सुटोन महाराजांच्याच मोजडीवर पडला. मग दरबार भरला आणि कमानीची चौकशी जाहली. तीन वेळा पुसिले तरी कमानीने जबाब दिला नाही, म्हणोन ती हरामखोर ठरली आणि तिला मोडोन मुदपाकखान्यात चुलीस घातले, त्यावर आठ पानांची आमटी शिजली. आणि तेव्हाच ठराव जाहला की पुढील कमानही महाराजांस वाकली नाही, तर तिची गतही हीच.

आता सटवोजी कमानगर म्हणजे कोण, तर गडाखाली कुंभारवाड्याच्या शेजारी ज्याचे घर, वय बासष्ट, बोलणे थोडे, आणि हात ऐसा की त्याने तासलेल्या लाकडावर माशी बसली तर घसरावी. त्याचा बाप मायाजी याने बत्तीस वर्षांमागे घाटातून धामण नावाच्या झाडाची एक फळी आणोन चुलीवरच्या माळ्यावर ठेविली होती आणि सांगितले होते की हीस घाई करू नको. मग बाप वारला, म्हैस मेली, घर चार वेळा शाकारले, आणि फळी तेथेच धूर खात राहिली. सटवोजीने आयुष्यभर लोकांस शिकारीच्या, राखणीच्या, पोरांस खेळावयाच्या कमानी करोन दिल्या, परंतु त्या फळीस हात लाविला नाही, कारण ऐसे लाकूड एकदाच मिळते आणि ते एकाच कमानीस पुरते. आणि आता गोष्ट ऐसी जाहली होती की गेल्या थंडीपासोन त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे आपल्या मर्जीने हलू लागली होती. हे त्याने जगापासोन लपविले होते, बायकोपासोन लपले नव्हते. हुकूम ऐकोन तो घरी आला, शिडी लाविली, फळी खाली काढिली, फुंकली, पुसली, आणि बायको ठकूबाई हिला म्हणाला, "ठके, ही शेवटची. बोटे दसऱ्यापर्यंत ऐकतील, पुढचे सांगवत नाही. एक खरी कमान व्हावी आणि तिचा बाण जाताना या डोळ्यांनी पाहावा, मग हात गेले तरी जावोत." ठकूबाई म्हणाली, "मग बसलात काय, लागा कामास." आणि ती लाकूड जोडावयाचा सरस शिजवावयास उठली.

येथे कमानीचा मजकूर थोडका सांगणे जरूर आहे, नाहीतर पुढील घोळ ध्यानी यावयाचा नाही. नाजूक भुजेच्या धन्यास एकसंध लाकडाची कमान चालत नाही, ती वाकावयास जड आणि फेकावयास आळशी. त्यास थरांची कमान पाहिजे. तीन पातळ पट्ट्या काढाव्या, शत्रूकडील अंगास म्हणजे पाठीस कळकाची, कारण बांबू ओढ सोसतो, धन्याकडील अंगास म्हणजे पोटास चिंचेची, कारण चिंच दाब सोसते, आणि मध्ये धामण, ती दोघांचे भांडण मिटविते. मग तिन्ही सरसाने जोडोन, साच्यावर वाकवोन, सुतळीने करकचोन, पाचरी ठोकोन एकवीस दिवस ठेवाव्या आणि त्यांजकडे पाहूही नये. ऐसे केल्यास कमान लहान मुलासही वाकते आणि बाण मात्र जवानासारखा जातो. सटवोजीने वैशाखात तिन्ही पट्ट्या काढिल्या, त्या ऐशा पातळ की उन्हात धरिल्या तर कडेने उजेड लाल दिसावा. आणि एकदा पट्टी इतकी पातळ जाहली की तिला फार थांबवता येत नाही, ज्येष्ठ संपोन हवा दमट होण्याआधी सरसाखाली गेली तर बरी, नाहीतर ती मनास येईल तिकडे पीळ खाते आणि बत्तीस वर्षे पाण्यात जातात.

तो येथे मानकऱ्यांस खबर लागली. त्या राज्यात हातभाराची म्हणोन एक रीत होती, ती ऐसी की महाराजांची कोणतीही नवी वस्तू होऊ लागली म्हणजे चौदा मानकऱ्यांपैकी प्रत्येकाचा तीस हात लागलाच पाहिजे, न लागल्यास अपमान. महाराजांची पालखी जाहली तेव्हा प्रत्येकाने एकेक खिळा मारिला, आणि चौदाव्या खिळ्यास दांडी उभी चिरली. महाराजांच्या पानातील कढीत प्रत्येकजण एकेक चिमूट मीठ घालीत असे, आणि महाराज बारा वर्षे ती कढी जेवोन "बरवी आहे" म्हणत असत, कारण नको म्हणावे तर कोणाची चिमूट नको ते सांगावे लागते. तेव्हा कमानीस हातभार कसा लावावा याचा खल जाहला, आणि सटवोजी तीन थर लावितो हे समजताच सर्वांस एकदमच सुचले की मग आमचाही एक थर त्यात पाहिजे. सरनोबत हैबतराव, ज्यांणी तीन पिढ्यांच्या शांततेत घोड्यावर बसोन बसोन पाठ मोठी सरळ केली होती, त्यांणी काट्यांसह बाभळीचा ओंडका पाठविला. कारभारी जिवाजीपंत, ज्यांच्या सहीवाचोन त्या राज्यात पहाट होत नसे, त्यांणी आपल्या जुन्या दाराची चौकट उखडोन पाठविली. मुदपाकखान्याच्या दारोग्याने अर्धा पोळपाट दिला, पुराणिकांनी ज्यावर बसोन चाळीस वर्षे कथा सांगितली तो पाट दिला, राणीसाहेबांच्या बंधूंनी मोडकी काठी दिली आणि म्हणाले की मूठ रुप्याची होती, ती आम्ही ठेविली आहे. ऐसे चौदा मानकऱ्यांचे चौदा लाकूडफाटे सटवोजीच्या ओट्यावर येऊन पडले, आणि शेजारच्या कुंभाराने विचारले, "का हो, कोणी गेले काय?"

सटवोजी गडावर गेला, पंतांस मुजरा केला आणि म्हणाला, "पंत, तीन थरांवर चौथा गेला तर कमान जड होते, सतरा गेले तर वाकायची नाही." पंत म्हणाले, "सटवोजी, वाकणे हे कमानीचे काम, मान राखणे हे आमचे काम. ज्याने त्याने आपापले काम करावे." सटवोजी म्हणाला, "जी. पण महाराजांस वाकली नाही तर ती चुलीत जाईल." पंत म्हणाले, "तो दारोग्याचा विषय, त्यात आपण बोलू नये." मग मानकरी जातीने सटवोजीच्या घरी आले, आणि घर लहान, ओटा लहान, तेव्हा कोणी कोठे बसावे यातच एक दुपार गेली. दुसरे दिवशी सतरा थर सुकेच एकावर एक रचोन पाहिले, तो उंची सव्वा हात भरली. तिसरे दिवशी वाद निघाला की कोणाचा थर कोठे. हैबतराव बोलिले, "आमचा थर पाठीस, शत्रूकडे तोंड करोन. आम्ही सरनोबत." मग कोणी म्हणाले की शत्रूचा बाण प्रथम तेथेच लागेल, तेव्हा हैबतराव थोडे विचारात पडले आणि बोलिले, "महाराजांचे रक्षण करणे हे आमचे काम, तेव्हा आमचा थर पोटास, महाराजांकडे." पोटास तर जिवाजीपंतांची चौकट आधीच ठेविली होती. आणि मधल्या थरात जावयास कोणी तयार होईना, कारण मधला थर दिसत नाही, आणि जो दिसत नाही तो मान कसला. ऐसा वाद पंधरा दिवस चालला. मध्ये एके सकाळी खुद्द महाराजांची स्वारी कमान पाहावयास आली, ती रास पाहोन उभी राहिली आणि पुसिले, "ही तुळई कोणाच्या घराची?" पंत म्हणाले, "महाराज, ही कमान आहे." महाराजांनी एकवार त्या राशीकडे पाहिले, एकवार आपल्या दंडाकडे पाहिले, आणि पालखीत जाऊन बसले.

ज्येष्ठाचा शुद्ध पक्ष सरत आला आणि सटवोजीच्या तीन पट्ट्या भिंतीस लावोन ठेविल्या होत्या, त्यातील धामणीची पट्टी टोकास केसभर वळली. सटवोजीने ते पाहिले आणि जेवला नाही. ठकूबाईने ताट सारले, सरसाचे मडके चुलीवर ढवळीत बसली, आणि त्या सरसाची घाण ऐसी की त्या घरी पाहुणा चार महिने येत नसे, आणि ढवळता ढवळता ती म्हणाली, "अहो, एक पुसू? तुम्ही अंगावर काय पांघरता?" सटवोजी म्हणाला, "घोंगडी. हे काय विचारणे?" ती म्हणाली, "आणि पंत?" तो म्हणाला, "शेला." ती म्हणाली, "आणि महाराज?" तो म्हणाला, "मलमल. त्यातून जानवे दिसते." मग ठकूबाई म्हणाली, "म्हणजे जाड ते गरिबाचे आणि पातळ ते थोराचे. आपल्या भाकरीकडे पाहा आणि त्यांच्या पुरणपोळीकडे पाहा. तुम्ही त्या मानकऱ्यांस नाही म्हणता, तेथे चुकते. नाही म्हटले की मानकरी आणखी इरेस पेटतो. तुम्ही नुसते खरे ते सांगा, की कमानीत थर जितका पातळ तितका तो उत्तम. पुढचे ते आपले आपण करतील." सटवोजी म्हणाला, "हे लबाडीचे तर नाही ना?" ठकूबाई म्हणाली, "चाळीस वर्षे मला तुम्हीच हे सांगता आहात. तेव्हा लबाडी नव्हती, आता कशी होईल?" हे ऐकोन सटवोजीने ताट पुढे ओढिले आणि भाकरी जेवला.

दुसरे दिवशी तो प्रथम हैबतरावांकडे गेला, कारण त्यांच्या मनात गोष्ट लवकर शिरत नसे परंतु शिरली म्हणजे निघत नसे. म्हणाला, "सरकार, आपली बाभळ चांगली आहे. पण कमानीत जाड थर म्हणजे हमाल, तो भार वाहतो. पातळ थर तो उत्तम, सगळा वेग त्याचा." हैबतराव बोलिले, "मग आमचा थर हमाल आहे काय?" सटवोजी म्हणाला, "जी, आज तरी पाच बोटे जाड आहे." हैबतरावांनी मिशीस हात लाविला आणि हुकूम केला, "एक बोट कर." सटवोजीने रंधा मारोन एक बोट केला. हे वर्तमान संध्याकाळच्या आत पंतांस कळले, आणि पंतांनी आपली चौकट अर्धे बोट करविली. मग दारोगा आला आणि म्हणाला की पोळपाट असला तरी तो हुजूरच्या पोळीचा आहे, तेव्हा पोळीइतका पातळ करावा, आणि तो केला. मग पुराणिकांनी केळीच्या पानाइतका मागितला, राणीसाहेबांच्या बंधूंनी कांद्याच्या पापुद्र्याइतका मागितला, आणि हैबतराव परत आले आणि म्हणाले, "पापुद्र्याच्या आतला पापुद्रा." सटवोजी सकाळपासोन संध्याकाळपर्यंत रंधा मारीत होता, ओट्यावर भुश्याचा ढीग जाहला, आणि शेजारचा कुंभार तो टोपलीने नेऊन आवा पेटवू लागला, इतका की त्या साली मडकी पक्की निघाली. सहाव्या दिवशी गोष्ट ऐशा थरास गेली की लाकूड उरेना. बारा मानकरी एकमेकांकडे पाहोन म्हणो लागले की आमच्या लाकडाचा चिमूटभर भुसा सरसात टाकावा, हाच आमचा थर, त्याहून पातळ कोणाचा असेल तर सांगा.

जिवाजीपंत म्हणाले, "आमचा आहे." आणि ते उठोन उभे राहिले, उपरणे सावरले, सरस लावावयास मांडिलेल्या पट्ट्यांपाशी गेले, आणि त्यांजवर एक फुंकर घातली. पंतांच्या जेवणात हिंग फार असे, तो वास काही काळ राहिला. वाकनीस म्हणजे दरबारचा टिपणारा लेखक तेथे बसलाच होता, त्याने लिहिले, "थर तेरावा, जिवाजीपंतांचा, फुंकर एक, उत्तरेच्या अंगाने." सर्व मानकरी थक्क जाहले. तो हैबतराव खाकरले आणि बोलिले, "आम्हीही फुंकर घालणार होतो. पण घातली नाही. तो आमचा नुसता मनसुबा, तोच आमचा थर." वाकनीसाने पुसिले, "मनसुबा कोठे लावावा?" हैबतराव बोलिले, "मुठीपाशी." पंत लाल जाहले आणि म्हणाले, "फुंकरीआधी आमचाही मनसुबा होताच, मनसुब्यावाचोन फुंकर कशी येईल?" येथे पुन्हा आठ दिवस जावयाचे होते, परंतु सटवोजी हात जोडोन म्हणाला, "मायबाप, दोन्ही कमानीत गेले. मी सरस लावताना पाहिले." हे बोलताना त्याची मान खाली होती. आणि ज्येष्ठ वद्य दशमीस, हवा दमट होण्याआधी चार दिवस, कळक आणि धामण आणि चिंच ऐशा तीन पट्ट्या बारा चिमटी भुसा, एक फुंकर आणि एक मनसुबा यांसह साच्यावर चढोन सुतळीखाली गेल्या. ठकूबाईने शेवटची पाचर आपल्या हाताने ठोकिली.

एकवीस दिवस गेले आणि सुतळी सोडली, तो तिन्ही थर एकजीव जाहले होते, नख लाविले तरी सांधा सापडेना. मग तासणी आली. तासणी म्हणजे कमान भिंतीच्या खुंटीस मुठीने अडकवावी, दोरी लावोन बोट बोट खाली ओढावी, आणि दूर उभे राहोन कमानीच्या दोन्ही भुजा, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा भाग, सारख्या वाकतात की नाही ते पाहावे, जी भुजा हट्ट करील तिच्या पोटावरोन पात्याने केसभर खरवडावे, पुन्हा ओढावे, पुन्हा पाहावे. जास्त खरवडिले तर परत लाविता येत नाही, आणि त्या एका ओरखड्याने सगळे आयुष्य बिघडते. वरची भुजा लवकर ऐकली. खालची नऊ दिवस ऐकेना. सटवोजीची दोन बोटे तर पाते धरिले की नाचो लागत, तेव्हा त्याने ती दोन्ही बोटे तिसऱ्या बोटास सुतळीने बांधोन घेतली आणि तसाच खरवडीत बसला. ठकूबाई दोरी ओढी आणि तो दूर उभा राहोन पाही, आणि म्हणे, "थांब," आणि म्हणे, "सोड," आणि दुसरा शब्द त्या घरात नऊ दिवसांत एकदाच निघाला. त्यास भय वाटत होते, ते त्याने सांगितलेही, म्हणाला, "ठके, भीती वाटते." ती म्हणाली, "मलाही वाटते. ओढू का?" दहाव्या दिवशी खालची भुजा वरचीसारखी वाकली, दोन्ही टोके एकदमच आली. सटवोजीने पाते खाली ठेविले आणि सुतळी दातांनी सोडली.

आश्विन आला आणि दरबारात स्वारीच्या क्रमाची यादी जाहली, की दसऱ्यास ओढ्याकाठी महाराजांच्या जवळ कोण आणि दूर कोण. पंत आणि हैबतराव यांणी मिळोन ठरविले की कमान नवी, तेव्हा क्रमही कमानीप्रमाणे लावावा, ज्याचा थर अधिक पातळ तो महाराजांच्या अधिक जवळ. प्रथम मनसुबा, मग फुंकर, मग भुश्याच्या बारा चिमटी, आणि शेवटी वाकनीसाने वाचिले, "सटवोजी कमानगर, थर तीन, तिन्ही लाकडाचे, जाड." ऐकोन सर्वांस वाईट वाटले की इतका हुनरी माणूस आणि इतके जाड थर. आणि रीत ऐसी की क्रमात जो शेवटचा, त्याने ओढ्याच्या पलीकडे अडीचशे पावले जाऊन झुडपात उभे राहावे आणि बाण शोधोन आणावा. सटवोजीने मनात योजिले होते की आपण महाराजांच्या मागे दहा पावलांवर उभे राहू, कमान वाकताना पाहू, दोन्ही भुजा एकदम येतात ते पाहू, आणि बाण सुटताना पाहू, बस, इतकेच. आता अडीचशे पावलांवरोन त्याच्या बासष्ट वर्षांच्या डोळ्यांस कमान तर सोडाच, महाराजही दिसणार नव्हते. तो पंतांकडे गेला आणि म्हणाला, "पंत, एवढे एक मागतो, मला अलीकडे राहू द्या. कोठेही, घोड्यांत उभा राहतो." पंत म्हणाले, "अरे, आम्ही देऊ, पण थर तुझेच आहेत, ते पातळ करोन घ्यावयास तुला कोणी नको म्हटले होते काय?" सटवोजीने हे ऐकिले, मुजरा केला, आणि घरी येऊन ठकूबाईस सांगितले. ती म्हणाली, "ती अक्कल माझी होती. मला क्षमा करा." तो म्हणाला, "तुझ्या अकलेने कमान झाली. नाहीतर तुळई होती."

दसऱ्याचे दिवशी तिसऱ्या प्रहरी स्वारी ओढ्याकाठी आली, शिंगे वाजली, आणि सटवोजी पलीकडे परमुलखाच्या ज्वारीच्या कडेस, करवंदीच्या जाळीत एकटाच उभा होता. त्यास अलीकडे रंगीत ठिपके दिसत होते आणि त्यात कोण काय ते कळत नव्हते. अलीकडे काय जाहले ते वाकनीसाच्या टिपणात आहे, की महाराजांनी भीत भीत कमान हाती घेतली, डोळे मिटोन दोरी ओढिली, आणि डोळे उघडले तो दोरी कानापर्यंत आलेली, आणि महाराज हसले आणि म्हणाले, "ही आम्हांस वाकली," आणि सोडिली. सटवोजीने यातले काही पाहिले नाही. त्याने प्रथम आवाज ऐकिला, दोरीचा, एकच आणि स्वच्छ, त्यात लाकडाची कुरकुर नव्हती. मग बाण दिसला. तो ओढ्यावरोन आला, झुडपांवरोन आला, सटवोजीच्या डोक्यावरोन गेला, आणि ज्वारीवरोन जात राहिला, आणि जाताना त्याचे शेपूट इकडे हलले नाही की तिकडे हलले नाही, आणि पलीकडील मेरेवरच्या बोरीच्या मुळाशी उभा रुतला. सटवोजी तेथेच ढेकळावर बसला आणि रडला, आणि ज्वारी राखणारी एक म्हातारी मचाणावरोन पाहत होती, तिने विचारले, "काय रे बाबा, लागले का?" तो म्हणाला, "नाही, आई. पोहोचला."

बाण उपटोन घेऊन तो ओढा उतरोन आला, तो तेथे मोठा कल्लोळ चालला होता. हैबतराव म्हणत होते की बाण मनसुब्याने गेला, पंत म्हणत होते की मनसुब्याने बाण जात नाही, वाऱ्याने जातो, आणि वारा म्हणजे फुंकर, आणि बारा मानकरी भुश्याच्या तर्फेने भांडत होते. महाराज मध्ये कमान छातीशी धरोन उभे होते आणि म्हणत होते, "आणखी एक सोडू का?" तेव्हा सर्वजण एकदम म्हणाले की पहिल्याचा मान ठरल्यावाचोन दुसरा सोडिता येत नाही, आणि कमान महाराजांच्या हातातून मखमलीच्या गवसणीत गेली. बाण कोठवर गेला हे कोणी पुसिले नाही. सटवोजीने बाण वाकनीसापुढे ठेविला, तो म्हणाला, "तो बाजूस ठेव, आम्ही विजय आधीच लिहिला." मग सटवोजी घरी आला. ठकूबाई दारात उभी होती, म्हणाली, "वाकताना पाहिलीत?" तो म्हणाला, "नाही. बाण पाहिला. डुलला नाही." ती म्हणाली, "म्हणजे दोन्ही भुजा सारख्या आल्या." तो म्हणाला, "सारख्या." आणि दोघे ओट्यावर बसली.

तात्पर्य येणेप्रमाणे. कमान शस्त्रागारात खुंटीस आहे, दुसऱ्या बाणाचा मान कोणाचा याचा वाद चालू आहे, आणि तो मिटेपर्यंत दिग्विजय जुन्या टिपणावर नवे साल घालोन करितात. सटवोजीचे तीन जाड थर कमानीच्या लौकिकास कमी आणितात, म्हणोन ते दप्तरातून काढिले, तेव्हा दप्तरी कमान चौदा थरांची आहे आणि तीत लाकूड कोठेच नाही. सटवोजीने पुढे कमान केली नाही, बोटांनी पौषात साथ सोडिली. कोणी हळहळले तर तो ओढ्यापलीकडच्या त्या बोरीकडे हात करी, आणि हात हालत असे म्हणोन समोरच्यास नेमके झाड कळत नसे. लिहिणाराने जाऊन पाहिले आहे. अंतर फार आहे.